सनईवाल्याच्या मोबाइलमधले फोटो

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काचेला तडा गेलाय, बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही, पण डोळा अजून शाबूत आहे. देगलूरचे सनईवाले जिलानीभाई माझे मालक. नांदेडच्या बाजारातून त्यांनी मला आणलं, तेव्हाही मी कुणाचा तरी वापरलेलाच होतो. नवेपणाचे लाड काही माझ्या नशिबात नव्हते.

उमरीच्या एका लग्नात ऐन वरातीत लाइट गेली, डीजे मुका झाला आणि जिलानीभाई गाड्यांच्या उजेडात एकटेच सनई वाजवत राहिले. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. आठवडाभरात तो गावोगावी पोहोचला. मग काय विचारता! लातूरला सत्कार, नांदेडला सत्कार. लोकांनी भाईंना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि ते झाड केवढं असतं हे तुम्हाला ठाऊकच आहे.

भाई मात्र हरखून गेले होते. "उद्या कुणाला खरं वाटायचं न्हाई," म्हणत ते मला सारखं वर धरत. स्टेज, हार, शाली, हॉटेलातला पांढराशुभ्र पलंग, सगळ्याचे फोटो मी मन लावून काढले. "भाई, फोन लई भारी हाय तुमचा," असं कुणी म्हटलं की मी फुशारून जायचो.

वर्षभरात लोकांना दुसरा कुणी सापडला. सत्कार थांबले. त्याच हिवाळ्यात भाईंची बायको, सालेहाभाभी, तापाचं निमित्त होऊन गेली. भाईंनी मला कपाटात टाकलं ते टाकलंच.

परवा त्यांची मुलगी अलीझा सासरी निघायच्या तयारीत होती. तिला सोबत अम्मीचा फोटो हवा होता. आधार कार्डावरच्या फोटोत अम्मी ओळखूच येत नव्हती आणि घरात दुसरा फोटो नव्हता. भाईंनी मला चार्जिंगला लावलं. बापलेक शोधायला बसले. हार आले, शाली आल्या, पुढारी आले. भाभी कुठंच नाही.

"अब्बा, एवढ्या फोटोत अम्मी एकदा बी न्हाई?"

भाईंचं बोट एका सन्मानचिन्हाच्या फोटोवर थांबलं. घरची भिंत ओलीनं काळी पडली होती, म्हणून सन्मानचिन्हामागं हिरवी चादर धरलेली. चादरीच्या वरच्या काठावर दोन्ही हातांची बोटं दिसत होती. पुढच्या फोटोतही तीच बोटं. त्याच्या पुढच्याही.

"मीच म्हणलो व्हतो तिला," भाई कसेबसे बोलले, "डोकं खाली घे, दिसून राहिलीस."

अलीझानं ती बोटं मोठी करून पाहिली आणि माझ्या तडकलेल्या काचेवर आपली बोटं टेकवली. "हाच द्या मला," एवढंच ती म्हणाली. भाईंनी तोंड फिरवलं. मित्रांनो, मला रडता येत नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तुमच्याही घरी कुणीतरी अशी चादर धरून उभं असेल. फोटो काढण्याआधी त्यांना एकदा पुढं बोलवा. माझ्यात जागा खूप होती हो.