सहाशे-सोळा

मित्रांनो, जीपगाडीच्या पाठीला एक जादा चाक टांगलेले तुम्ही पाहिले असेल. त्याला स्टेपनी म्हणतात. मी तशीच एक जुनी स्टेपनी आहे. माझी हकीगत सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. शूर चाकांच्या गोष्टी तुम्हाला दुसरीकडे मिळतील. मी मात्र जन्मभर भीतच आले.

एक कारण माझ्या जागेचे. मी मागे टांगलेली, तोंड मागे. पुढचा रस्ता मला कधी दिसलाच नाही. खड्डा येऊन गेला की मग कळायचा. जे सरून गेले तेच पाहत राहायचे आणि जे येणार त्याची धास्ती घ्यायची, असे माझे दिवस जात.

दुसरे कारण माझ्या कुशीवर छापलेले होते. कारखान्यात तापलेल्या साच्यात मला घडवले, तेव्हाच तिथे आकडे उमटले: ६००-१६. कारागीर त्याला ‘सहाशे-सोळा’ म्हणतात. सहाशे म्हणजे टायर सहा इंच जाड. सोळा म्हणजे आतली लोखंडी रिम सोळा इंचांची. हा फरक कंटाळवाणा वाटेल, पण तेवढा लक्षात ठेवा.

आमची जीप लढाईतली. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून ती लालबागच्या एका प्रसूती-मदत मंडळाकडे आली. गिरणगावातल्या चाळींतून अडलेल्या बायकांना इस्पितळात पोहोचवायचे, हे तिचे काम. चालवणारा दत्ताराम, मालवणकडचा, आवाजाने मोठा आणि मनाने हळवा. सोबत जाईबाई सुईण. तिच्या हातावर निम्म्या लालबागचा जन्म झाला होता, असे लोक म्हणत.

पंचावन्न सालच्या पावसाळ्यात परळला पाणी तुंबले आणि जीप त्यात बंद पडली. सुदैवाने आत कोणी बाई नव्हती. पण जाईबाईने मंडळाला बजावले, “गाडी उंच करा, नाहीतर मला होडी द्या.”

म्हणून आम्ही घोडपदेवला बुधाजीच्या गॅरेजात गेलो. बुधाजीने लढाईत ब्रह्मदेशाच्या चिखलात असल्याच जीप दुरुस्त केल्या होत्या. त्याने स्प्रिंगांत जादा पट्ट्या घातल्या, खाली ठोकळे दिले आणि गाडी चांगली चार बोटे वर उचलली. उंच गाडीखाली आम्ही जुनी चाके अगदीच केविलवाणी दिसू लागलो.

“म्हशीला बकरीचे पाय लावलेस रे!” दत्ताराम म्हणाला.

“स्प्रिंगांनी अंग उचललं, दत्ता. चाकांचा आस अजून तिथेच आहे,” बुधाजी म्हणाला. “आस पाण्याच्या वर न्यायचा तर टायरच उंच हवा.”

“मग सगळ्यात मोठा घाल. साडेसातशे!”

बुधाजीने वाद घातला नाही. शेजारच्या गाडीचा साडेसातशे-सोळा काढून पुढे लावला आणि स्टिअरिंग पुरते वळवले. टायर स्प्रिंगला खर्रकन घासला.

“हा घाल आणि सरळ नाशकाला जा,” बुधाजी म्हणाला. “लालबागच्या गल्लीत वळायचं नाव नको.”

मग साडेसहाशे लावून पाहिला, पण त्याने फारसे काही साधेना. शेवटी सातशे-सोळा लावला. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले, टायर आणि स्प्रिंग यांच्यात दोन बोटे सुखाने राहिली. तोच ठरला. पण त्या मापाचे चारच टायर मिळाले, पाचवा मिळेना. माझी चार भावंडे काढली गेली. मी पाठीवर तशीच राहिले.

बुधाजीने माझ्यावर हात ठेवला. “ही बदलायला हवी.”

“कशाला? हिच्यावर पण सोळाच लिहिलंय. सोळा ते सोळा! बसता ना रिमवर? मग झाला!”

“रिमवर बसेल रे. पण उभी केलीस तर इंचभर आखूड. चारही चाकांना जोर देशील तेव्हा घात होईल. हे बघ, तिरडीला चार खांदेकरी असतात. त्यातला एक बुटका निघाला, तर...”

“मेल्या!” दत्ताराम कडाडला. “बाळंतिणींची गाडी ही! तिरडीचं नाव काढतोस?”

“बरं, पालखी म्हण.”

“काही म्हणू नको. नट आवळ.”

बुधाजी नट आवळता आवळता पुटपुटत राहिला. “आणि चारही चाकं जुंपायचा दांडा अडलाच तर झोंबू नको त्याच्याशी. चार हात मागे ये, आपला आपण सुटेल.” दत्ताराम रागाने पाठ फिरवून बिडी पेटवत होता. बुधाजीने थोडा वेळ वाट पाहिली आणि खडूने माझ्यावर लिहिले: ‘लहान आहे. चारांत जुंपू नये.’

ती अक्षरे माझा एकुलता एक आधार होती. पावसाच्या दोन सरींत धुऊन गेली. त्यानंतर माझा दोष मला एकटीलाच ठाऊक होता. खरे सांगू? मी मनातून रोज एकच मागणे मागायची, माझी गरज कधी पडू नये. स्टेपनीने असे मागणे बरे नव्हे, हेही मला कळत होते.

छप्पन सालचा जानेवारी आला. भिंतीभिंतींवर चुन्याने ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ लिहिलेले होते. एका दुपारी रस्ते एकदम ओस पडले. दुकानांच्या फळ्या लागल्या. लांबून फटाक्यांसारखे आवाज येत, आणि ते फटाके नव्हते.

अशा वेळी घोडपदेवच्या चाळीतून निरोप आला: बकुळा नावाच्या मुलीचे पहिलेच बाळंतपण, सकाळपासून अडली आहे. नवरा गिरणीकडून परतू शकला नव्हता. जाईबाई पिशवी घेऊन गाडीत बसली. दत्तारामने काचेवर पांढरा पंचा बांधला.

बकुळाला मागे गोधडीवर निजवले. काळाचौकी ओलांडली आणि फुस्स झाले. रस्ताभर सोड्याच्या बाटल्यांच्या काचा होत्या. मागचे डावे चाक बसले.

दत्तारामने मला खाली उतरवले आणि घाईघाईने नट आवळले. जॅक खाली आला आणि जन्मात पहिल्यांदा एवढ्या लोकांचा भार माझ्यावर पडला.

“गाडी लंगडतेय रे,” आतून जाईबाई म्हणाली.

“रस्ताच वाकडा आहे, जाईबाय.”

पुढे लालबागच्या तोंडाशी दगडांचा आणि मोडक्या खांबांचा ढीग घालून रस्ता अडवला होता. गाडी उंच होती म्हणूनच त्यावर चढण्याची आशा होती. दत्तारामने चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा ओढला. मला ओरडायचे होते. स्टेपनीला आवाज नसतो. आम्ही ढीग चढलो, उतरलो, आणि डांबरी रस्ता लागताच ते सुरू झाले. बाकीची तिघे एक फेरा घेत तेव्हा मला जास्त फिरावे लागे. ती मला ओढत, मी त्यांना ओढत असे. गाडीच्या पोटातून कण्हल्यासारखा आवाज निघाला. पन्नास पावलांवर एक हिसका बसला आणि जीप बंद पडली.

दत्ताराम दांड्याशी झटू लागला. दोन्ही हातांनी ओढला, लाथ मारली. दांडा हलेना. मागे ढिगापलीकडे धावपळ झाली, डोळे चुरचुरवणारा धूर आमच्याकडे येऊ लागला. बकुळाने जाईबाईचे मनगट धरले होते. “बाई, मी इथंच मरते का हो?”

“गप. मरायला वेळ आहे कुणाला?” मग जाईबाई पुढे वळली. “अरे, अडलंय ना ते? मग ओढतोस कशाला? अडलेल्याला ओढलं की तुटतं. तीस वर्षं तेच सांगत आल्ये मी पोरींना.”

दत्तारामचे हात थांबले. तो हळू आवाजात म्हणाला, “बुटका खांदेकरी.”

“काय म्हणतोस?”

“बुधाजी बोलला होता. मी त्याच्यावर खेकसलो... म्हणूनच सगळं आठवतंय बघ. चार हात मागे ये, म्हणाला होता.”

मागे म्हणजे त्या धुराकडे. दत्तारामने एकदा बकुळाकडे पाहिले, गाडी सुरू केली आणि रिव्हर्स टाकला.

मित्रांनो, मागे जाणाऱ्या गाडीत मागचे चाक पुढे असते. आयुष्यात पहिल्यांदा येणारा रस्ता मला समोरून भेटत होता, आणि त्यात काचा होत्या, कुणाची तरी एक चप्पल होती, धूर होता. मी डोळे मिटले असते. चाकाला तीही सोय नसते. एक हात, दोन हात, तीन. पोटात कट् असा आवाज झाला आणि दांडा लोण्यातून सुरी यावी तसा सुटून आला.

मग दोनच चाकांच्या जोरावर, लंगडत, आम्ही परळच्या इस्पितळात पोहोचलो. अर्ध्या तासाने जाईबाई बाहेर आली आणि पायरीवर बसून पदराने तोंड पुसू लागली. “मुलगी. मोठ्यानं रडली.” दत्ताराम मात्र माझ्याजवळ उकिडवा बसून मुकाट्याने रडला.

दुसऱ्या आठवड्यात पाचवा सातशे-सोळा मिळाला. बुधाजीने मला उतरवले आणि या वेळी खडू घेतला नाही. पांढऱ्या ऑइलपेंटने तेच शब्द लिहिले. दत्ताराम म्हणाला, “त्या दिवशी मला दोन थोबाडीत द्यायच्या होत्यास.” बुधाजी म्हणाला, “ऐकणाराच पाठ फिरवून बसला, तर मारू कुठे?”

तेव्हापासून मी गॅरेजच्या दाराशी टेकून आहे. रबर भेगाळले आहे, अक्षरे शाबूत आहेत. कुणाला उपदेश करावा एवढी माझी योग्यता नाही. पण घराबाहेर पडण्यापूर्वी जे मागे टांगलेले असते, त्याच्यावरून एकदा हात फिरवा. त्याला विचारा, तू पुरी पडशील ना? आणि शहाण्या माणसाचा शब्द अभद्र वाटला, तरी तो पुरता होईपर्यंत थांबा.

मध्यंतरी बकुळा त्या दिवशी जन्मलेल्या आपल्या नलूला घेऊन बुधाजीला भेटायला आली होती. नलू नुकतीच शाळेत जाऊ लागली आहे, दिसेल ते वाचते. तिने माझ्या कुशीवर बोट ठेवले आणि अक्षर अक्षर लावत वाचले, “ल-हा-न आ-हे.”

मग ती मला खेटून उभी राहिली, डोक्यावर हात ठेवून उंची मोजली आणि आईला ओरडून म्हणाली, “आई, खरंच गं! माझ्याहून लहान आहे ही. हिला भीती वाटत असेल.”

एवढ्या वर्षांत माझी भीती कुणीतरी पहिल्यांदाच वाचली होती.