शेळ्या कुणाच्या, पगार कुणाचा

आमची डेअरी आहे, आमचा फार्म आहे, असं कुणी सांगू लागलं की छायाआत्या आधी त्या माणसाच्या बायकोच्या पायांकडे बघायची. चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला दिसला, की धंद्याचा सगळा हिशोब तिला कळायचा.

ही विद्या तिला फुकट मिळाली नव्हती. तिच्या नवऱ्यानं आधी दोन जर्सी गायी आणल्या, मग गावठी कोंबड्या आणि शेवटी कुणी तरी डोक्यात भरवलं म्हणून ससे. ससा विकत घेणारं गिऱ्हाईक चौक गावच्या बाजारात आजवर कुणी पाहिलेलं नाही, पण ससे आले. आत्या अंगणवाडीत मदतनीस होती. तिचं मानधन आलं की घरात पेंड यायची. जनावरं घर पोसणार असं ठरलं होतं, प्रत्यक्षात घरानं जनावरं पोसली आणि घर म्हणजे एकटी आत्या. नवरा गेला तोही शेठ म्हणूनच गेला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, यातला मसाला आपण होतो, हे आत्या कुणालाही ऐकवायची.

त्यामुळे धाकटा भाऊ सदू आपल्या सोनालीसाठी गोट फार्मवाल्या मुलाचं स्थळ घेऊन आला, तेव्हा आत्याचं पित्त खवळलं. सदू कामाला होता ती रसायनीची कंपनी बंद पडली त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून तो खालापूरच्या घराच्या ओटीवर बसून मोबाईल बघत असे. त्यात एक गॉगलवाला माणूस बोकडाच्या गळ्यात हात टाकून सांगायचा, की नोकरी म्हणजे गुलामी, शेळी म्हणजे चालती-फिरती बँक. सदूला ते फार पटलं होतं. त्याची सोनाली रोज सकाळी खोपोलीच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला जायची आणि तिच्या पगारावर घर चालायचं. ती गुलामी मात्र सदूला चालत होती.

"जावई सोताच्या धंद्याचा पायजे," तो म्हणायचा. "नोकरीवाला मला नको. आज हाय, उद्या गेटाला कुलूप."

तुळशीचं लग्न झाल्यावर मुलाकडची माणसं येऊन मुलगी बघून गेली. मुलगा मनोज खाली मान घालून बसला होता. बोलणं सगळं त्याच्या बापाचं, रामभाऊंचं. चाळीस शेळ्या, मोठी शेड, दारात बोर्ड. पोहे खाता खाता रामभाऊंनी एकच गोष्ट तीनदा विचारली, की लग्नानंतर मुलगी नोकरी चालू ठेवणार ना. आमी सुधारलेल्या विचाराचे हाव, असंही वर सांगितलं. सदूचा ऊर भरून आला. आत्यानं मात्र पोह्यांची बशी खाली ठेवली. सोनालीचा पगार कुणाच्या दावणीला बांधला जाऊ नये, एवढं एकच मागणं तिनं देवाकडे ठेवलं होतं. आपलं जे झालं ते या पोरीचं होऊ द्यायचं नाही, यासाठी ती रामभाऊंशीच काय, सदूशीही भांडायला तयार होती.

मग घर बघायला जायचा दिवस आला. घर बघायला मुलगी नेत नाहीत, असं सदू म्हणाला.

"नांदायचं हिनं, आनि बघायचं आपून?" आत्या म्हणाली. "पोरी, बस गाडीत."

भाड्याच्या ईको गाडीनं तिघं निघाली. कर्जत ओलांडून नदीकाठच्या गावात पोचली तेव्हा दिवस कलायला लागला होता. भातकापणी झालेली, शेतं मोकळी. दारात खरंच बोर्ड होता, त्यावर रंगवलेली शेळी गाढवाएवढी. मुलाची आई विमलबाई तांब्या घेऊन पुढे आली. आत्यानं पाय बघितले. चपलेच्या अंगठ्याला तार.

रामभाऊंनी आधी शेडच दाखवली. जमिनीपासून उंच, फळ्यांची, बाजूनं जाळी. आत शेळ्या दाटीवाटीनं कोंबलेल्या. सदू हरखून गेला. गॉगलवाल्याकडून शिकलेले सगळे प्रश्न त्यानं एका दमात विचारले आणि रामभाऊंनी त्याच गॉगलवाल्याकडून शिकलेली सगळी उत्तरं दिली. उंटावरून शेळ्या हाकणारे दोघं समोरासमोर आले होते. खऱ्या शेळ्यांकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

आत्याचं होतं. एका मालकाच्या शेळ्या, पण एकीच्या गळ्यात निळी नायलॉनची दोरी, दुसरीच्या बुटाची नाडी, तिसरीच्या कवडी, चौथीच्या कुण्या पोरीची जुनी रिबीन. पुढ्यातल्या चाऱ्याला तोंड लावायचं सोडून त्या एकमेकींना ढुशा देत होत्या. ज्या देत नव्हत्या त्या फाटकाकडे तोंड करून उभ्या होत्या. कोपऱ्यातल्या थोड्या तेवढ्या निवांत रवंथ करत होत्या. एका दावणीच्या शेळ्या अशा वागत नाहीत. लग्नाच्या मांडवात दोन्हीकडचे मानकरी असे वागतात.

आत्या ओटीवर जाऊन बसली आणि विमलबाईंनी केलेली कांदाभजी खाऊ लागली. एक भजं ती इतक्या सावकाश खात होती, की सदू दोनदा उठला आणि दोनदा बसला.

"आक्का, निघू या ना. उशीर व्हतोय."

"भजी चांगली झाल्यात रं. विमलबाई, चार अजून आना. आनि च्याबी टाका."

रामभाऊ सारखे पश्चिमेकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि थंडी तर चांगलीच पडू लागली होती. मनोज इस्त्रीचा शर्ट घालून खांबाला टेकून उभा होता, गप्प राहायचं शिकवलेलं असावं असा. सोनाली त्याच्याकडे बघत होती आणि तो शेडकडे.

सूर्य डोंगराला टेकला आणि शेडमध्ये एकच ओरडा सुरू झाला. तेवढ्यात कुंपणाबाहेरून कोंडी म्हातारीचा आवाज आला. ती शेजारीच राहत होती आणि पाहुणे अजून गेले नाहीत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"रामा, माजी शेळी सोड रं बाबा. करडं वरडून मेली माजी. दुपारपुरती म्हनालास नि रात करतोस व्हय?"

आत्यानं चहाचा शेवटचा घोट घेतला, कप नीट बशीत ठेवला.

"सोडा की रामभाऊ," ती म्हणाली. "म्हातारी कवाची उबी हाय."

रामभाऊ जागचे हलेनात. शेवटी मनोजच गेला आणि त्यानं फाटक उघडलं. मग जे झालं ते बघायला आत्या ओटीच्या कडेवर येऊन उभी राहिली. शेळ्या अंगणात उतरल्या आणि एकमेकींची ओळखही नसल्यासारख्या पांगल्या. नाडीवाली देवळाकडे, रिबीनवाली विहिरीच्या वाटेनं, कवडीवाली थेट कोंडीच्या मागून. कुणी कुंपणावरून उडी मारली, कुणी रामभाऊंच्या दोन पायांमधून वाट काढली. गाव शेळ्या बघत होतं आणि शेळ्या आपापलं घर बघत होत्या. बोर्डावरची तेवढी जागेवर राहिली.

"चरायला निघाल्या," रामभाऊ म्हणाले.

"दिवस मावळताना? तुमच्याकडं रातपाळी असते का शेळ्यांची?"

शेडमध्ये कोपऱ्यातल्या तेवढ्या उरल्या. एक करडू मात्र गोंधळून अंगणात आलं होतं, ते सोनालीनं उचलून घेतलं. मनोज ओटीपाशी आला.

"सातच हायत माज्या," तो म्हणाला. "बाकीच्या गावाच्या. मी नको म्हनत होतो."

"अरं, गप," रामभाऊ म्हणाले.

"आनि सातांवर घर चालतं?" आत्यानं विचारलं.

"नाय चालत. होत्या जास्त, पावसाळ्यात खूर सडून गेल्या. बोकड दोन गटारीला विकले, ते औषधातच गेले. मी टेंपो चालवतो, रसायनीच्या एका कंपनीत. निम्मा पगार पेंडीला जातो."

आत्या ओटीवरून खाली उतरली. "म्हंजे तुला पगार हाय? मग ह्यो तमाशा कशापायी? नोकरी हाय म्हनून सांगायचं की."

मनोजनं सदूकडे बघितलं. "मध्यस्थ म्हनले, मुलीच्या वडलांना नोकरीवाला नको. धंदेवालाच पायजे."

आता आत्याला हसू आवरेना. आख्ख्या रायगडात मुलींचे बाप नोकरीवाला मुलगा हातात बॅटरी घेऊन शोधतात, गोठ्यातल्या पोरांना कुणी दारात उभं करत नाही. आणि इथं दोन शहाणे बाप भेटले होते. एकानं मुलाची असलेली नोकरी लपवली, दुसऱ्यानं नसलेल्या शेळ्या मोजल्या.

रामभाऊंना वाटलं, हसतायत म्हणजे जमलं. ते पुढे सरसावले. "आवो, सात म्हनून नाराज नका होऊ. एकदा दोगांचा पगार घरात याया लागला, की चाळीस व्हायला कितीसा वेळ?"

आत्याचं हसणं तिथंच थांबलं. तीनदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे असं आपणहून चालत आलं. यांना सून नको होती, पेंडीची सोय हवी होती. तिनं विमलबाईंकडे बघितलं. विमलबाई खाली मान घालून बशा गोळा करत होत्या. त्यांच्या जागी स्वतःला बघून आत्याला अंगभर संताप आला.

"चल गं सोनाली," ती म्हणाली. "घर बघून झालं."

"करडू ठेवून येते," सोनाली म्हणाली आणि शेडकडे वळली. मनोज फाटक धरायला तिच्या मागे गेला.

आत्या गाडीत बसून रामभाऊंना, मध्यस्थाला आणि त्या गॉगलवाल्याला तोंडातल्या तोंडात शिव्या घालत राहिली. सोनाली यायला चांगलाच वेळ लागला. ती आली तेव्हा तिच्या ओढणीला चाऱ्याची काडी लागली होती.

गाडी निघाली. आत्याला आता जरा बरं वाटत होतं. पोर वाचली, भाऊ शहाणा झाला. कर्जतची वस्ती मागे पडेपर्यंत सदू मोबाईल बघत होता. मग खाकरला.

"आक्का, एक सांगू? शेड मातर झकास होती."

आत्यानं मान वळवली.

"त्या रामभाऊला जमलं नाय, कारन त्याला कळतच नाय काय. आपली मागची जागा पडूनच हाय. धा शेळ्यांपासून सुरुवात करायची. आता हे स्थळ मोडलं, म्हंजे सोनाली अजून दोन-तीन वर्सं घरात हायच. तिचा पगार येतोय तवर धंदा उबा राहील बग."

दोन तालुके ओलांडून आत्या ज्या दावणीतून पोरीला सोडवून आणत होती, ती दावण तिच्या मागच्याच सीटवर बसली होती.

"ड्रायवर, गाडी थांबव," ती म्हणाली. "फिरव मागं."

"मागं कुठं, आक्का?"

"त्या मनोजच्या घरी. तो पोरगा निदान सोताच्या पगारात शेळ्या पोसतो. तू बसल्या जागी लेकीच्या पगारात पोसनार. तुज्या परीस तोच बरा."

ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली आणि आरशातून तिघांकडे बघितलं.

"फिरवायची गरज नाय, आत्या," सोनाली शांतपणे म्हणाली. "नंबर हाय माज्याकडं."

"कवा घेतलास?"

"करडू ठेवताना. मी सांगितलं, तुमच्या वडलांचं मी ऐकलंय. माझा पगार माझा. त्यातून शेळीच्या तोंडात काडीबी जायची नाय, लग्नाआधी नाय नि नंतरबी नाय."

"मग? काय म्हनला?"

"म्हनला, आधी सात विकतो, मग फोन करतो."

"आनि नाय विकल्या तर?"

"तर फोन घेनार नाय."

एवढं बोलून सोनाली बापाकडे वळली. तिनं आवाज चढवला नाही. लॅबमध्ये सुई टोचण्याआधी ती लोकांना मूठ आवळायला सांगायची, त्याच आवाजात ती बोलली.

"बाबा, तुमालाबी तेच सांगायचं होतं. पगाराचं."

सदू खिडकीतून बाहेर बघू लागला. बाहेर अंधार होता, बघण्यासारखं काही नव्हतं. आत्यानं सवयीनं सोनालीच्या पायांकडे नजर टाकली. चपला नव्या होत्या, स्वतःच्या पैशांच्या. मग तिनं ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली आणि गाडी खालापूरकडेच चालव म्हणून सांगितलं.