मंगळवारचे कपडे

एर्मिंदाने पिशवीतून उशीचा अभ्रा ओढून काढला आणि नाकाला लावला. वास घरातल्या निळ्या साबणाचा नव्हता. फुलांचा होता, महागातला. आणि अभ्रा नुसता कोरडाच नाही, अजून कोमट होता.

बाहेर तीन दिवस झिमझिम चालू होती. पाठीमागच्या दोरीवर एर्मिंदाचे दोन झगे शनिवारपासून लोंबत होते आणि अजून निथळत होते. सून मात्र दर मंगळवारी दोन वाजता मळक्या कपड्यांची पिशवी पाठीवर, धाकटा तोमास कडेवर आणि चार वर्षांच्या सारितचं बोट धरून डोंगरावरच्या वस्तीतून केबलकारने खाली जायची, ती साडेचारला परत. कपडे धुतलेले, वाळलेले, घड्या घातलेले.

"कुठे धुतेस गं एवढे?"

"खाली सोय आहे, आई. फुकट," युरानी म्हणाली आणि तोमासचं नाक पुसायला वाकली.

फुकट! बासष्ट वर्षांत या बोगोतात एर्मिंदाला फुकट मिळाला तो फक्त पाऊस. कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिचा मुलगा एल्किन पूर्वेकडे रस्त्याच्या कामावर होता, महिन्यातून एकदा घरी यायचा. जाताना दरवेळी म्हणायचा, "आई, घरावर लक्ष ठेव." घर म्हणजे कोण, हे दोघांनाही ठाऊक होतं. एर्मिंदा डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत होती.

बुधवारी युरानी फरशी पुसायला बसली तेव्हा पायजमा वर सरकला. गुडघ्यावर काळानिळा डाग होता. कोपरही खरचटलेलं. आणि बाई गुणगुणत होती! मार खाल्लेली बाई गुणगुणत नाही, हे एर्मिंदाला मेलेल्या नवऱ्याच्या कृपेने चांगलंच माहीत होतं. मग हे काय होतं?

गुरुवारी तिने सारितला सूप भरवता भरवता हळूच विचारलं,

"बाळा, आई खाली जाऊन काय करते गं?"

"पडते."

"पडते म्हणजे?"

"एक माणूस तिला मागून धरतो. मग सोडून देतो. मग आई पडते." सारितने तोंड उघडलं, पण चमचा काही आला नाही. "मग आई हसते. आजी, सूप!"

रविवारी एल्किनचा फोन आला. युरानी मोरीत मुलांना आंघोळ घालत होती.

"कसं काय घरी?"

"ठीक आहे."

"तुझा आवाज ठीक वाटत नाही."

"पुढच्या रविवारी सांगते. आधी माझ्या डोळ्यांनी बघू दे."

"युरानीचं काही आहे का? असेल तर सांग. काम सोडून येतो, आणि मग ती दाराबाहेर पाऊल टाकणार नाही."

"मंगळवारी अडीच तास खाली जाते, एवढंच मला माहीत आहे," एर्मिंदा म्हणाली आणि तिने फोन ठेवला. आपण उगीच बोललो की उशिरा बोललो, हे तिचं तिलाच कळेना.

मंगळवारी सून निघाली, तशी एर्मिंदाही शाल डोक्यावरून घेऊन दोन डबे सोडून तिसऱ्या डब्यात बसली. खाली उतरल्यावर युरानी एका पिवळ्या इमारतीत शिरली. एर्मिंदाने बाहेर शंभरपर्यंत आकडे मोजले आणि मग आत गेली.

आत कपडे धुण्याची यंत्रं ओळीने घरघरत होती. तोच फुलांचा वास. बाजूच्या खोलीत तोमास चटईवर झोपला होता, सारित कागदावर रंग फासत होती आणि एक मुलगी त्यांच्यावर लक्ष ठेवून बसली होती.

"नाव नोंदवायचंय, मावशी?" तिने विचारलं. "यंत्र चालू असतं तोवर मुलं आम्ही सांभाळतो, तेवढा वेळ बाईचा. वाटेल ते शिका, नाहीतर झोपा. धुऊन वाळून झालं की वेळ संपला. एका पिशवीची एक खेप. दोन पिशव्या असतील तर दोन खेपा, एकामागून एक."

"बघायला आलेय फक्त," एर्मिंदा म्हणाली. ते खोटं नव्हतं.

मागच्या पटांगणात चारपाच बायका हेल्मेट घालून उभ्या होत्या. युरानी लाल सायकलवर बसली होती आणि एका पिकल्या केसांच्या माणसाने मागून सीट धरली होती. तो चार पावलं धावला आणि त्याने सोडून दिलं. युरानी लटपटत थोडी पुढे गेली, आडवी झाली आणि हसत सुटली. तसं हसणं एर्मिंदाने तिच्या लग्नानंतर ऐकलं नव्हतं.

तिला मागच्या वर्षीचं जेवण आठवलं. युरानीने भीतभीतच सायकल शिकण्याचं काढलं होतं. तेव्हा सगळ्यांत मोठ्याने एर्मिंदाच हसली होती. "दोन लेकरांची आई आणि सायकल! आधी तोमासला चालायला शिकव!" एल्किनही हसला. मग युरानीही हसली आणि ताटं उचलून आत गेली. आठवून एर्मिंदाला लाज वाटली.

तरीही ती खांबाआडून त्या माणसाच्या हातांवर पहारा देत राहिली. स्वभाव असा एका दिवसात जातो थोडाच? हात सीटवरच होते. त्याने पुन्हा सोडलं, आणि या वेळी युरानी पडली नाही. भिंतीपर्यंत गेली, वळली, परत निघाली. तेवढ्यात आत घंटा वाजली आणि कुणीतरी पिशवीचा नंबर पुकारला. युरानीने पटांगणाच्या मधोमध सायकल थांबवली, हेल्मेट दुसरीच्या हातात दिलं आणि यंत्रातून कपडे काढायला आत गेली. जाताना तिचा चेहरा पुन्हा घरातल्यासारखा झाला.

एर्मिंदा तिच्या आधीच्या डब्यातून वर आली.

रविवारी फोन वाजला तेव्हा युरानी समोरच मटार सोलत होती.

"बघितलंस?" एल्किनने विचारलं. "मंगळवारी कुठे जाते ती?"

"कपडे धुवायला."

मटार सोलणारे हात थांबले.

"अडीच तास?"

"घरात दोन लेकरं आहेत, एल्किन. तू कधी धुतलेस? ये आणि एकदा धुऊन बघ." तिने फोन ठेवला आणि सुनेकडे न बघताच मटारांतला एक दाणा तोंडात टाकला.

मंगळवारी जेवण उरकून युरानी दाराशी पिशवी भरत बसली. एर्मिंदाने दुसरी पिशवी आणून शेजारी टेकवली. त्यात तिचे दोन झगे होते, टेबलावरचं कापड होतं आणि कपाटातून काढलेली पांढरी चादर, घडीसकट.

"अहो आई, ही चादर स्वच्छ आहे," युरानी म्हणाली. "मागच्याच मंगळवारी धुतलीय."

एर्मिंदाने हातातल्या कपात पाहिलं. तळाशी थोडं चॉकलेट उरलं होतं. तिने ते शांतपणे चादरीवर ओतलं.

"आता मळली," ती म्हणाली. "दोन खेपा लागतील."