रापणीचा शंख

मी एक जुना शंख आहे. समुद्राचा अधिकृत आवाज. सध्या हैदराबादच्या अंबरपेठेत, दुसऱ्या मजल्यावर, इस्त्रीच्या कपड्यांवर वजन म्हणून असतो.

मित्रांनो, कोकणच्या किनाऱ्यावर, शिंपलवाडीत, माझं टोक घासून मला तोंड दिलं गेलं. वाडी चाळीस घरांची. मासळीचा थवा दिसला, की माझे आताचे मालक नामदेवराव यांचे वडील मला फुंकत आणि अख्खी वाडी वाळूत उतरून रापण ओढी. रापण म्हणजे साऱ्या गावाचं एक जाळं. नियमही एकच: जाळं वाळूवर यायच्या आत ज्याचा हात दोरीला लागला, त्याला वाटा. मग ती म्हातारी असो, लंगडा असो, नाहीतर दीड दिवसाचा पाहुणा.

पुढे यांत्रिक बोटी आल्या, काठची मासळी आटली. लाटांनी वाळू नेली, तिथे दगडांचा बंधारा झाला. रापण ओढायला किनाराच उरला नाही. वाडी पांगली. नामदेवराव मला पिशवीत घालून मुलाकडे हैदराबादला आले.

इथे उन्हाळ्यात टँकर येतो. खालच्या मजल्यांची पिंपं आधी भरतात. चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या भाग्यलक्ष्मीअम्मा गुडघे सांभाळत उतरेपर्यंत टँकर रिकामा. गेल्या एप्रिलात त्यांच्या घरात तीन दिवस पाणी नव्हतं. चौथ्या दिवशी फाटकासमोर टँकर दिसला आणि नामदेवरावांनी मला उचललं.

"बाबा, शेजारी काय म्हणतील!" सूनबाई मंगला कळवळली.

"काय ते खाली येऊन म्हणू देत."

बारा वर्षांनी त्यांनी मला फुंकलं. आधी धूळ निघाली, मग आवाज. सगळी इमारत जिन्यात.

"आग लगी क्या जी?" कुणीतरी ओरडलं.

"पाइप चौथ्यावर ओढायचाय," नामदेवराव म्हणाले. "हात लावेल त्याला वाटा."

"मेरे से नै होता, भाईसाब," अम्मा वरूनच म्हणाल्या.

लोकांनी पाइप वर ओढून नेला. नामदेवरावांनी अम्मांचा हात त्यावर नुसता टेकवला. "झालं. आधी यांचं पिंप."

टँकरवाल्याने मोटर लावली. अम्मा पिंपाशी उभ्या राहून पाण्याचा आवाज ऐकत होत्या.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू पुसत जा, पण कधीमधी कामालाही लावा. किनारे काही आपल्या हातात नसतात. मागे राहिलेल्याचा वाटा काढून ठेवणं मात्र असतं.

तो टँकर शेजारच्या इमारतीने मागवला होता, हे नंतर कळलं.