पोळ्याच्या सांजेची साक्ष

शिलानं पदर कपाळावर ओढला. पलीकडे, पुरुषांच्या सतरंजीवर तिचा नवरा संतराम माईक घेऊन उभा राहिला होता. तो उभा राहिला की बायांच्या माना तिच्या कपाळावरच्या खुणेकडे वळतात, हे तिला पाठ झालं होतं. कळमनुरीच्या त्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात दर रविवारी कुणीतरी उठून, प्रभूनं आपल्याला कसं बदललं याची साक्ष द्यायचं. आज पास्टर अमृतरावांनी फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'नवं मन'. म्हणजे संतरामलाच उठवणार, हे तिनं तेव्हाच ओळखलं होतं.

"लई प्यायचो मी. पोळ्याच्या सांजेला घरी आलो अन् हिला ढकलली. उंबऱ्यावर कपाळ फुटलं. पर हिनं तोंडातून शब्द काढला न्हाई. तवाच माफ केलं मला."

"हालेलुया," सभा म्हणाली.

शेजारच्या मोतीबाईनं कोपर मारलं. "नशीब काढलंस बाई. माझा म्हातारा तर बाप्तिस्मा घेऊन बी तसाच खवीस राहिला."

शिला हसली नाही. चार वर्षांची लेक पुनम मांडीवर झोपली होती. लेकराच्या भुवईतला व्रण तिच्या अंगठ्याखाली आला. पाळण्यातून पडल्याचा, असं सासूनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

दोन वर्षं संतराम दारूला शिवला नव्हता, ते खरंच होतं. पहाटे पाणी भरायचा, पुनमची वेणीसुद्धा घालायचा. पण दर साक्षीला तो शिलाची क्षमा खिरापतीसारखी वाटून टाकायचा, आणि लोक त्याच्याच पाठीवर थाप मारायचे. ऐकताना तिचे दात एकमेकांवर घट्ट बसत.

"ताई, आज तुम्ही पण दोन शब्द बोला," अमृतराव म्हणाले.

झोपलेलं लेकरू खांद्यावर टाकून ती उठली. माईक घेतला नाही.

"मी माफ केलं न्हाई."

अमृतराव दोन पावलं पुढे आले.

"ताई, प्रभू आपल्याला शिकवतो की..."

"प्रभूचं अन् माझं मी पाहून घेते, पास्टर. ह्यांनी देवाची माफी मागितली, तुमची मागितली. मला काहून न्हाई इचारलं?"

ती बाहेर आली. चपलांच्या ढिगाशेजारी पायरीवर बसली. तिनं दोन्ही हात पुनमच्या पाठीवर ठेवले. आत कुणी गाणं सुरू केलं, ते अर्ध्यातच विरलं.

थोड्या वेळानं संतराम आला. दोन हात अंतर सोडून बसला.

"इज्जत घालवली म्हणायला आलात?"

"न्हाई." तो आपल्या तळव्यांकडे पाहत होता. "शिला, त्या सांजेचं मला काईच याद न्हाई. माय म्हणली तेवढंच सांगत आलो. ढकलली, उंबरा. माफीचं तर मीच लावलं मागून. बरं वाटायचं." त्यानं मान वर केली. "तू सांग. काय झालतं?"

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. तिचा राग जिथल्या तिथं होता, पण आज त्याला तोंड फुटत होतं.

"मधी बोलू नका."

"न्हाई बोलत."

तिनं पुनमच्या भुवईवरचे केस हळूच बाजूला केले.

"ही पाळण्यातून पडली न्हवती," ती म्हणाली. "माझ्या कडेवर होती."