डबे क्रमाने लावले

पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. नवरा म्हणतो, तू पाहुणी म्हणून गेलीस तरी लोकांच्या दारातल्या चपला जोडीनं लावून येशील. खरंच येते. पण चपलांमुळे कोणाची नोकरी जात नाही.

माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे, तीस मुलं. दर शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर आम्ही बाहेर शिकायला जातो. पोस्टात जातो, सुताराकडे जातो, ओढ्यावर जाऊन काठीनं पाण्याची खोली मोजतो. मुलांना सगळ्यात आवडायची ती मात्र शाळेपासून दहा मिनिटांवरची रोपवाटिका. तिथले मालक ऑफिसात बसत आणि बाकी सगळं माळीकाका बघत. बावीस वर्षं तेच बघत होते.

माळीकाकांना शिकवण्याची हौस होती आणि, मला मान्य करायला हवं, माझ्यापेक्षा हातोटीही जास्त होती. रोप उचलताना देठाला धरायचं नाही, पानाला धरायचं, कारण पान फाटलं तर दुसरं येतं, देठ मोडला तर संपलं, हे त्यांनी एकदाच सांगितलं आणि तीसच्या तीस जणांच्या लक्षात राहिलं. मी पाढे वर्षभर सांगते. कुंडीवरची पाटी दिसली की ते एखाद्या मुलाला पुढे ओढत आणि म्हणत, "वाच बघू, काय लिहिलंय?" मूल अडखळत वाचे. काका मान डोलावून म्हणत, "बरोब्बर." मला वाटे, काय हुशार माणूस आहे, खेळता खेळता वाचनाचा सराव करून घेतो.

यात सगळ्यात पुढे असायची ती टपाल. हे तिचं वर्गातलं नाव. या बाकावरची बातमी त्या बाकावर पोचवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिच्या पोटात काही राहायचं नाही. कोणी कोणाचं खोडरबर घेतलं, कोणाच्या आईनं कोणाला काय म्हटलं, सगळं ती मला न विचारता सांगायची. मी तिला त्यावरून पुष्कळदा रागावलेही आहे.

एका शुक्रवारी वारा फार होता, म्हणून काकांनी मुलांना बियाण्यांच्या खोलीत बसवलं. भिंतीला लाकडी मांडणी, त्यावर पत्र्याचे चाळीसेक डबे, प्रत्येकावर चिठ्ठी. कांद्याशेजारी गाजर, गाजराशेजारी पालक. कशाला कशाचा पत्ता नाही. इतक्यात मालकांनी काकांना कुंड्या चढवायला गाडीपाशी बोलावलं. मुलं चुळबुळायला लागली आणि माझे हात शिवशिवायला लागले.

"चला," मी म्हटलं, "आपण काकांना गंमत दाखवू. सगळे डबे वर्णमालेच्या क्रमानं लावायचे."

अर्ध्या तासात मुलांनी मांडणी चकाचक केली. आधी अंबाडी, मग कांदा, कोबी, गाजर, अशी ओळ पार शेवटपर्यंत. टपालनं पुसायला स्वतःचा रुमाल दिला. काका आले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

काका दारातच थांबले. मांडणीकडे ते इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, भारावले.

"छान," ते म्हणाले. "फार छान केलंत." मग टपालकडे वळले. "आता कोबी कुठं गं?"

तिनं धावत जाऊन हात लावला.

"आणि फ्लॉवर? नवलकोल? मोहरी?"

ती दाखवत गेली. काकांनी प्रत्येक डब्यासमोर उभं राहून वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग तिला चारही पुन्हा एकदा विचारले. मी कौतुकानं हसत होते. चाळीस डब्यांतले त्यांनी फक्त हेच चार का विचारले, असं माझ्या डोक्यात आलं नाही. या चारही पिकांचं बी सारखंच असतं, बारीक, गोल, काळपट, हे त्यांनीच कधीतरी मुलांना सांगितलं होतं. बाकी सगळं त्यांना बघून ओळखता यायचं.

निघताना त्यांनी मला विचारलं, "बाई, पुढच्या शुक्रवारी याल ना?"

"येणार म्हणजे काय," मी म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही गेलो नाही. शाळेची तपासणी होती आणि मी हजेरीपटाला नवीन कव्हरं घालत बसले होते. त्यानंतर परीक्षा, मग सुट्टी. रोपवाटिकेत पाऊल टाकलं ते तीन महिन्यांनी.

काका दिसले नाहीत. मालक स्वतः फाटकापाशी आले, चिडलेले होते आणि त्यांना कोणालातरी सांगायचंच होतं. एका शेतकऱ्याला फ्लॉवरची म्हणून चार हजार रोपं दिली होती. ती रोपं लहानपणी भल्याभल्यांना ओळखता येत नाहीत. गड्डे धरले तेव्हा कळलं की सगळा कोबी आहे. शेतकरी येऊन ऑफिसात ओरडून गेला. मालकांनी काकांना डबा दाखवून विचारलं, यावर काय लिहिलंय? काका डबा हातात उलटसुलट करत राहिले.

"वाचताच येत नाही हो त्याला," मालक म्हणाले. "बावीस वर्षं जागेवरून डबे ओळखत होता. मला पत्ता लागू दिला नाही. महिनाअखेरीला जायला सांगितलंय."

चार डबे, दोनदा विचारलेले. वाच बघू, काय लिहिलंय. सगळं एका क्षणात समोर आलं. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "अरेरे."

टपाल माझ्या शेजारी उभी होती. तिनं तोंड उघडलं. "पण ते डबे तर—"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबला. तिनं वर माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मालकांचं लक्ष नव्हतं. त्या दिवशी आम्ही गुलाबाची कलमं बघितली आणि परत आलो.

चार दिवस मी मूग गिळून बसले. स्वतःला समजावायला कारणं भरपूर होती. मला काय माहीत, त्यांना वाचता येत नाही म्हणून? चिठ्ठ्या तर जागच्या जागी होत्या. शाळेचं नाव उगाच कशाला मध्ये आणायचं? शिक्षकाला कारणं तयार करायला वेळ लागत नाही, आयुष्यभर मुलांची ऐकलेली असतात.

या चार दिवसांत टपालनं एकही बातमी आणली नाही. दोन मुलांची मागच्या बाकावर मारामारी झाली तरी ती वहीत डोकं घालून बसून राहिली. पाचव्या दिवशी वही तपासायला आणली तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, मी कोणालाच सांगितलं नाही हं. आईलासुद्धा नाही."

शाबासकीची वाट बघत होती ती. मला इतकी शरम वाटली की मी तिच्या वहीवर दोनदा सही केली.

शाळा सुटल्यावर तिच्या आईला विचारून मी तिला बरोबर घेतलं आणि रोपवाटिकेत गेले. मालकांना तिच्यासमोरच सांगितलं. डबे मी लावून घेतले, काकांना न विचारता लावले, चूक माझी आहे, त्यांना काढू नका.

मालकांनी शांतपणे ऐकलं. "डबे तुम्ही हलवलेत," ते म्हणाले, "पण वाचता येत नाही हे तर तुम्ही लपवलं नव्हतं ना? आणि खरं सांगू, मांडणी आता चांगली लागली आहे. नव्या माणसाला सोपी पडते." मग म्हणाले, "शाळेची मुलं मात्र आता आत नकोत, बाई."

काका मागच्या शेडमध्ये आपली खुरपी पोत्यात गुंडाळत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पाठ केलेली सगळी वाक्यं विसरले.

"काका, तुम्ही मालकांना सांगितलं का नाही, डबे आम्ही हलवले म्हणून?"

"सांगितलं असतं तर पोरांना फाटकातून आत सोडलं असतं का त्यांनी?" काका म्हणाले. मी आत्ताच ते फाटक बंद करवून आले होते. मला ते सांगवलं नाही.

"त्या वेळी मी जागा पाठ केल्या होत्या," ते पुढे म्हणाले. "पण बावीस वर्षांची सवय हाताला, दोन जागांची अदलाबदल होते की काय अशी भीती होती. म्हटलं, शुक्रवारी पोरगी आली की तिच्याकडून एकदा वाचून घेऊ. तुम्ही आला नाहीत, तरी आणखी दोन दिवस पेरणी थांबवली. मग मालक ओरडले."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला तिथे उभं राहायला जरा सोपं गेलं असतं. मी माफी मागितली. ते "असू दे, असू दे" म्हणाले, मोठी माणसं रडणाऱ्या मुलाला म्हणतात तसं, आणि त्यांनी खिशातून एक कागदी पुडी काढली. नव्या माणसानं निरोपाची म्हणून दिली होती. वर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं.

काकांनी ती टपालसमोर धरली. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तरी नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "वाच बघू, काय लिहिलंय?"

अक्षर सुवाच्य होतं, मला दोन हातांवरून दिसत होतं. टपालनं पुडीकडे पाहिलं, ओठ हलवले आणि थांबली. मग वाचू की नको, हे विचारायला तिनं माझ्याकडे पाहिलं.