फणसाला जामीन

आमच्या परड्यात झाडं सहाच. पण सहा म्हणजे काय ते मला विचारा. आंब्यावरचं बांडगूळ काढा, पेरूच्या वाळक्या फांद्या छाटा, चिकूच्या आळ्यात माशांचं खत पुरा. हे सगळं आमचे हे करायचे. गेल्या शिमग्यात त्यांचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली, आणि नवरा नि झाडं दोन्ही माझ्या गळ्यात पडली. कंटाळा आला म्हटलं की लोक टकमका बघतात. आलाय मला कंटाळा.

त्यात हा फणस. नऊ वर्षं झाली, एक फळ नाही. न धरणाऱ्या झाडाला देवदिवाळीला दम द्यायचा, ही आमच्याकडची रीत. एकाने कोयता उगारून विचारायचं, धरतोस की तोडू? दुसऱ्याने मध्ये पडून जामीन राहायचं, की औंदा सोडा, पुढच्या वर्षी धरेल. जामीन मिळाला नाही तर झाड तोडायचं. दरवर्षी हे कोयता उगारायचे, मी जामीन राहायचे. फणस मेला ढिम्म.

यंदा कोयता मी घेतला. शेजारची मथुरा जामीन राहायला यायला तयार होती, मीच नको म्हटलं. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना बोलतं करा. मनात आलं, झाड वाचवायला तरी 'नको' म्हणतील. तेवढा एक शब्द मला हवा होता. खुर्चीसकट ओढत त्यांना फणसापाशी आणलं, कमरेचा काटा ढिला झाला.

कोयता उगारून विचारलं. हे नुसते बघत राहिले. पुन्हा विचारलं. मग माझं डोकंच फिरलं. तो काही फणसावरचा राग नव्हता, आठ महिन्यांचा साठलेला होता. घातला घाव, पांढरा चीक भळभळा वाहू लागला.

तेव्हा त्यांचे ओठ हलले.

"तोड," ते म्हणाले.

त्यांनी डावा हात कसाबसा उचलून फणसाकडे केला, मग स्वतःच्या छातीवर ठेवला.

"आमका दोघांकय."

कोयता टाकून मी त्यांच्या पायाशी बसले. इतक्या वर्षांचं पाठ वाक्य, पण तोंडातून धड निघेना.

"दोघांकय मी जामीन आसंय," शेवटी म्हटलं.

अंगात त्राण नव्हतं. पुढच्या वर्षाचं मला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. तरी त्यांचा हात धरून पुन्हा म्हटलं.